मेरीलँड विरुद्ध किंग : अटकेत घेतलेला नमुना आणि सहा वर्षे न उलगडलेला गुन्हा

१० एप्रिल २००९ रोजी अमेरिकेतील मेरीलँड राज्याच्या विकोमिको काउंटीत पोलिसांनी किंग नावाच्या एका इसमाला अटक केली. काही लोकांवर बंदूक रोखून त्यांना धमकावल्याचा आरोप त्याच्यावर होता. कोठडीत आणल्यावर नाव-पत्ता, छायाचित्र आणि बोटांचे ठसे हे नेहमीचे सोपस्कार झाले आणि त्यांच्यासोबतच डीएनएचा नमुना घेण्यासाठी त्याच्या दोन्ही गालांच्या आतल्या बाजूने स्वॅबची काडी फिरवण्यात आली. करोनाच्या साथीत आपण सर्वांनी नाका-घशातून जो स्वॅब दिला, त्याहूनही कमी त्रासाचा हा प्रकार आहे. त्यात सुई टोचावी लागत नाही, रक्त काढावे लागत नाही आणि काही सेकंदांत काम आटोपते. या काही सेकंदांच्या कृतीवर पुढची चार वर्षे वाद चालला आणि तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. सुनावणीच्या वेळी न्यायमूर्ती सॅम्युअल अलिटो यांनी या खटल्याविषयी असे मत व्यक्त केले होते की, गेल्या काही दशकांत या न्यायालयापुढे आलेला फौजदारी प्रक्रियेचा हा बहुधा सर्वांत महत्त्वाचा खटला आहे.

डीएनए पेढीचा, म्हणजे गुन्ह्यांच्या तपासासाठी साठवलेल्या डीएनए नोंदींच्या संग्रहाचा, विस्तार करावा की करू नये, हा प्रश्न बहुतेक वेळा तत्त्वाच्या पातळीवर चर्चिला जातो आणि तिथेच अडकून पडतो. या एका प्रकरणात मात्र त्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू एकाच माणसाच्या नमुन्यात एकत्र आलेल्या दिसतात, म्हणून ते बारकाईने पाहणे मला आवश्यक वाटते.

पार्श्वभूमी

२००३ साली याच काउंटीतील सॉल्सबरी शहरात तोंड झाकलेला आणि हाती बंदूक असलेला एक माणूस एका महिलेच्या घरात शिरला आणि त्याने तिच्यावर बलात्कार केला. चेहरा दिसलेला नसल्यामुळे वर्णनावरून शोध लागण्यासारखी परिस्थिती नव्हती आणि पोलिसांच्या हाती दुसरा धागाही नव्हता. पीडितेच्या तपासणीतून गुन्हेगाराचा डीएनए मात्र मिळाला. या गोष्टीला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात जेमतेम एक वाक्य मिळाले आहे, परंतु माझ्या मते संपूर्ण प्रकरणाचा पाया तेच वाक्य आहे, आणि त्याकडे मी पुढे परत येणार आहे.

गुन्ह्याच्या ठिकाणी मिळालेला डीएनए आणि माणसाच्या गालातून घेतलेला डीएनए यांची तुलना कशी होते, हे थोडक्यात सांगणे गरजेचे आहे. आपल्या डीएनएमध्ये काही ठिकाणी अक्षरांचा एक लहानसा तुकडा पुन:पुन्हा आलेला असतो आणि तो किती वेळा आला आहे, हे व्यक्तीगणिक बदलते. आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे प्रत्येक ठिकाणी दोन आकडे मिळतात. अमेरिकेच्या ‘कोडिस’ या राष्ट्रीय प्रणालीत त्या काळी अशी १३ ठिकाणे मोजली जात असत. १ जानेवारी २०१७ पासून ती २० झाली. पेढीत साठवली जाते ती या आकड्यांची रांग. या आकड्यांवरून माणसाचा स्वभाव, रूप किंवा आजार सांगता येत नाही, असा युक्तिवाद विस्ताराचे समर्थक करतात, आणि साठवलेल्या आकड्यांपुरता तो बव्हंशी बरोबर आहे. काडीवरचा मूळ नमुना मात्र निराळा असतो. त्यात त्या माणसाचा सगळा आनुवंशिक लेखाजोखा असतो, आणि तो नमुना प्रयोगशाळेत किती काळ राहतो हा प्रश्न आकड्यांच्या प्रश्नापेक्षा अधिक नाजूक आहे.

अशा पेढीचे दोन कप्पे असतात. एका कप्प्यात ज्यांची नावे ठाऊक आहेत अशा माणसांचे आकडे असतात आणि दुसऱ्यात घटनास्थळांवरून किंवा पीडितांच्या तपासणीतून आलेले, ज्यांचे धनी ठाऊक नाहीत असे आकडे असतात. जुळणी होते ती या दोन कप्प्यांमध्ये. १९९४ च्या संघीय कायद्याने या व्यवस्थेला आधार दिला आणि १९९८ मध्ये राष्ट्रीय पातळीवरील पेढी सुरू झाली. आरंभी तिचा भर दोषी ठरलेल्या गुन्हेगारांवर होता. नंतर एकेक राज्याने कायदा बदलून अटक झालेल्या, म्हणजे अजून दोष सिद्ध न झालेल्या माणसांचे नमुनेही घेण्यास सुरुवात केली. हा निकाल लागला त्या वेळेपर्यंत सर्व ५० राज्ये गंभीर गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांचे नमुने घेत होती, तर २८ राज्ये आणि संघीय सरकार अटकेतील काही किंवा सर्व आरोपींचे नमुने घेत होते.

मेरीलँडने हा बदल केला आणि १ जानेवारी २००९ पासून तो लागू झाला. किंगला अटक झाली ती त्यानंतर जेमतेम सव्वातीन महिन्यांनी. हा कायदा मोकाट नव्हता, हे नमूद केले पाहिजे. हिंसक गुन्हे, घरफोडी किंवा त्यांचा प्रयत्न, एवढ्यांपुरताच तो मर्यादित होता. आरोपीला न्यायालयापुढे हजर करून आरोप सांगितला जाईपर्यंत नमुन्याची चाचणी करण्यास किंवा त्याची नोंद पेढीत करण्यास मनाई होती. खटल्याचा शेवट दोषसिद्धीत झाला नाही, तर नमुना नष्ट करणे बंधनकारक होते. आरोपीच्या नमुन्यावरून त्याच्या नातेवाइकांचा माग काढण्यासही या कायद्याने स्पष्ट बंदी घातली होती.

नमुन्याचा प्रवास

१० एप्रिलला घेतलेला किंगचा नमुना २३ एप्रिलला राज्य पोलिसांच्या न्यायवैद्यक विभागात पोहोचला. तिथे तो दोन महिने पडून राहिला. २५ जूनला तो चाचणीसाठी प्रयोगशाळेकडे रवाना झाला, १३ जुलैला त्याचे आकडे राज्याच्या पेढीत नोंदवले गेले आणि ४ ऑगस्टला २००३ च्या त्या नमुन्याशी ते जुळले. पोलिसांनी ही जुळणी ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे खटला भरावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, मांडली, रीतसर वॉरंट मिळवून किंगचा दुसरा नमुना घेतला आणि तोही जुळला. अमेरिकेच्या घटनेने अवाजवी झडतीपासून दिलेल्या संरक्षणाचा भंग झाल्यामुळे पहिला नमुनाच घटनाबाह्य असल्याचा त्याचा आक्षेप खालच्या न्यायालयाने फेटाळला. बलात्काराच्या आरोपात तो दोषी ठरला आणि त्याला पॅरोलविना जन्मठेप झाली.

एप्रिल २०१२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च पातळीवरील न्यायालयाने, म्हणजे कोर्ट ऑफ अपील्सने, ही दोषसिद्धी रद्द केली. केवळ अटक झालेल्या माणसाच्या शरीरातून नमुना घेणे म्हणजे वाजवी कारणाशिवाय घेतलेली झडती होय, असे त्या न्यायालयाचे म्हणणे होते. या निकालाला सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी जुलैमध्ये स्थगिती दिली आणि २६ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली.

न्यायालयातील पेच

राज्याच्या वकिलांनी युक्तिवादाच्या आरंभीच आकडे ठेवले. २००९ पासून अटकेतील आरोपींच्या नमुन्यांमुळे २२५ जुळण्या, ७५ खटले आणि ४२ दोषसिद्धी झाल्या होत्या. त्यावर न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी लगेच उत्तर दिले की, अवाजवी झडत्या भरपूर घेतल्या तर आणखीही दोषसिद्धी मिळतील. साधन उपयुक्त आहे म्हणून ते घटनेला मान्य आहे असे होत नाही, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो कोणालाही खोडता आला नाही.

३ जून २०१३ रोजी ५ विरुद्ध ४ अशा मतांनी निकाल राज्याच्या बाजूने लागला. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी लिहिले. रॉबर्ट्स, थॉमस, ब्रायर आणि अलिटो त्यांच्यासोबत होते. स्कॅलिया यांच्या विरोधी मताला गिन्सबर्ग, सोटोमायोर आणि केगन यांनी पाठिंबा दिला. परंपरावादी म्हणून ओळखले जाणारे स्कॅलिया उदारमतवादी सहकाऱ्यांच्या बाजूने उभे राहिले आणि उदारमतवादी ब्रायर पलीकडे गेले, यावरून हा प्रश्न नेहमीच्या राजकीय रेषेवर तुटणारा नाही, हे ध्यानात येते.

केनेडी यांच्या मते, गंभीर गुन्ह्यासाठी सबळ कारणावरून अटक झालेल्या माणसाच्या गालातून नमुना घेणे हे ठसे आणि छायाचित्र घेण्यासारखेच कोठडीतील नोंदणीचे काम आहे. ओळख म्हणजे केवळ नाव नव्हे. आपण कोणाला कोठडीत ठेवत आहोत, त्याचा पूर्वेतिहास काय, तो जामिनावर सोडण्याजोगा आहे का, हे सारे ओळखीत येते. ओक्लाहोमा सिटीतील बॉम्बस्फोटाचा सूत्रधार टिमथी मॅकव्हे हा गाडीला नंबरप्लेट नसल्यामुळे थांबवला जाऊन पकडला गेला होता, याचे स्मरण त्यांनी करून दिले.

स्कॅलिया यांनी या ‘ओळख’ शब्दावरच बोट ठेवले, आणि मला त्यांच्या मतातील हा भाग सर्वांत बिनतोड वाटतो. किंग कोण आहे हे पोलिसांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. त्याचे नाव, ठसे, छायाचित्र त्यांच्याकडे होते. ठशांची तपासणी सरासरी २७ मिनिटांत होते, तर त्याच्या डीएनएचे उत्तर यायला जवळपास चार महिने लागले. ज्या चाचणीला आरोप सांगितला जाईपर्यंत कायद्यानेच मनाई केली आहे, ती चाचणी आरोपीची ओळख पटवण्यासाठी आहे असे कसे म्हणता येईल? या जुळणीने किंगची ओळख पटलेली नाही. ज्याचा धनी ठाऊक नव्हता तो नमुना २००३ चा होता, आणि ओळख पटली ती त्याची. न उलगडलेले गुन्हे उलगडणे हे उदात्त ध्येय खरे, परंतु संशयाशिवाय होणाऱ्या झडत्यांपासून लोकांचे रक्षण हे त्याहून वरचे ध्येय आहे, असे स्कॅलिया यांनी लिहिले.

त्यांचा दुसरा मुद्दा अधिक बोचरा आहे. बंदूक रोखल्याच्या प्रकरणात किंग पुढे कमी दर्जाच्या हल्ल्याच्या आरोपात दोषी ठरला होता. त्या दोषसिद्धीनंतर त्याचा नमुना घेण्यास घटनेची काहीही आडकाठी नव्हती, हे दोन्ही पक्षांना मान्य होते. मग अटकेच्या वेळीच नमुना घेतल्याने खरा फरक कोणाला पडतो? जे पुढे दोषी ठरणारच आहेत त्यांना नव्हे, तर जे निर्दोष सुटणार आहेत त्यांनाच. म्हणजे ज्यांच्या संरक्षणासाठी घटनेतील तरतूद आहे, नेमका त्यांच्यावरच या कायद्याचा भार पडतो.

माझे वाचन

माझे मत असे आहे की, निकाल योग्य दिशेचा होता, परंतु त्याला दिलेले कारण प्रामाणिक नव्हते, आणि कारण प्रामाणिक नसल्याची किंमत पुढे मोजावी लागते. राज्याने सरळ सांगायला हवे होते की, हिंसक गुन्ह्यात न्यायालयापुढे उभ्या केलेल्या माणसाचे आकडे आम्ही न उलगडलेल्या गुन्ह्यांशी एकदा ताडून पाहणार आहोत, आणि बलात्कार व खुनासारख्या गुन्ह्यांचे गांभीर्य लक्षात घेता एवढा हस्तक्षेप आम्हाला समर्थनीय वाटतो. असे म्हटले असते, तर त्या समर्थनाला मर्यादाही आपोआप आल्या असत्या: गुन्हा हिंसक असला पाहिजे, आरोप न्यायालयाने पाहिलेला असला पाहिजे, ताडणी झाली की नमुना नष्ट झाला पाहिजे आणि सुटका झाली की आकडेही पुसले गेले पाहिजेत. ‘ओळख पटवणे’ असे कारण दिले की या मर्यादा गळून पडतात, कारण ओळख तर प्रत्येक अटकेतील माणसाची पटवायची असते. पुढे तसेच घडले. कॅलिफोर्नियात कोणत्याही गंभीर गुन्ह्यासाठी अटक होताच नमुना घेतला जातो आणि निर्दोष सुटलेल्या माणसाला तो पुसून घेण्यासाठी स्वतः अर्ज करावा लागतो. या व्यवस्थेला २०१८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी मान्यता दिली ती किंग प्रकरणाचा आधार घेऊनच.

युरोपात याच्या उलट घडले होते. ब्रिटनने १९९५ मध्ये जगातील पहिली राष्ट्रीय डीएनए पेढी उभारली आणि कालांतराने अटक झालेल्या, पण दोषी न ठरलेल्या माणसांचे नमुनेही अनिश्चित काळ ठेवण्यास सुरुवात केली. अटकेच्या वेळी अकरा वर्षांचा असलेला आणि पुढे निर्दोष सुटलेला एक मुलगा, तसेच ज्याच्यावरील खटला मागे घेतला गेला असा एक प्रौढ, अशा दोघांच्या अर्जावर ४ डिसेंबर २००८ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने एकमताने ही पद्धत अमान्य केली. त्यानंतर २०१२ च्या कायद्यान्वये ब्रिटनला १७ लाखांहून अधिक नोंदी पुसाव्या लागल्या. तेव्हा पेढी बंद पडली नाही आणि तपासही थांबला नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

आता २००३ च्या त्या नमुन्याकडे परत येतो. किंगच्या गालातली काडी कामी आली, कारण पेढीच्या दुसऱ्या कप्प्यात तिला जुळणारे आकडे आधीपासून होते. हल्ल्यानंतर ती महिला तपासणीला सामोरी गेली. ही तपासणी काही तास चालते. त्यात शरीराच्या प्रत्येक भागाचे स्वॅब, नखांखालचा मळ, केस आणि कपडे वेगवेगळ्या पाकिटांत घेतले जातात, प्रत्येक पाकिटावर सील आणि सही होते आणि नुकत्याच झालेल्या अत्याचाराची एकेक खूण तिला पुन्हा दाखवावी लागते. ते पाकीट सांभाळले गेले, प्रयोगशाळेत पोहोचले, त्याची चाचणी झाली आणि आकडे नोंदवले गेले. यातली एक कडी तुटली असती, तर मेरीलँडने राज्यातील प्रत्येक माणसाचा नमुना घेतला असता तरी काही जुळले नसते.

हे अनुमान कल्पनेतले नाही. ज्या २००९ साली किंगला अटक झाली, त्याच वर्षी डेट्रॉईटमध्ये पोलिसांच्या एका गोदामात चाचणी न झालेले ११ हजारांहून अधिक बलात्कार तपासणी संच सापडले. त्यांतले काही १९८० च्या दशकातले होते. सरकारी वकील किम वर्दी यांनी पुढची अनेक वर्षे ते तपासून घेण्यासाठी खर्ची घातली, आणि त्यातून अनेक महिलांवर हात टाकलेले सराईत बलात्कारी उघडकीस आले. पेढीचा विस्तार म्हणजे अधिक माणसांचे नमुने, असा अर्थ कायदेमंडळांत गृहीत धरला जातो, कारण असा कायदा करणे सोपे आहे. गोदामातल्या संचांना प्रयोगशाळा, तज्ज्ञ आणि पैसा लागतो. माझ्या दृष्टीने विस्ताराची सुरुवात तिथूनच झाली पाहिजे.

किंगची दोषसिद्धी २०१३ मध्येच राज्याच्या न्यायालयाने कायम केली.

भारतासाठी या प्रकरणाचा अर्थ

आपल्याकडे १९२० चा कैद्यांची ओळख पटवण्याचा कायदा रद्द होऊन त्याच्या जागी २०२२ चा फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा आला. नावात पुन्हा तोच शब्द आहे. या कायद्यानुसार अटकेतील माणसाचे जैविक नमुने आणि त्यांचे विश्लेषण घेता येते. स्त्री किंवा बालकाविरुद्धचा गुन्हा अथवा किमान सात वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा नसेल, तर जैविक नमुना देण्याची सक्ती नाही. नोंदी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे ७५ वर्षे राहतात. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटल्यास त्या नष्ट करायच्या आहेत, मात्र न्यायालय कारणे नोंदवून त्या ठेवण्यास सांगू शकते. डीएनए पेढीसाठी स्वतंत्र नियामक मंडळ, प्रयोगशाळांची मान्यता आणि नोंदी पुसण्याचे नियम ज्यात होते ते २०१९ चे विधेयक मात्र जुलै २०२३ मध्ये मागे घेण्यात आले. म्हणजे नमुना घेण्याचा अधिकार आला आणि त्याला आवर घालणारी चौकट आली नाही.

ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी १९६१ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड या खटल्यात ठरवले होते. त्यामुळे आपल्याकडे खरा वाद २०१७ मध्ये मूलभूत हक्क म्हणून मान्य झालेल्या खासगीपणाच्या अंगाने होईल. तो करताना अटक कोणाला होते, हे महाराष्ट्राने तरी विसरू नये. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का १९५२ मध्ये पुसला गेला, पण आजही गावात चोरी झाली की पारध्यांच्या पालावर आधी जीप जाते. अटकेवर आधारलेली पेढी या सवयीची नोंद ७५ वर्षांसाठी करून ठेवील. म्हणूनच अटक हा निकष न ठेवता न्यायालयाने तपासलेला हिंसक गुन्ह्याचा आरोप हा निकष ठेवणे, ही माझ्या मते किमान अट आहे.

दुसऱ्या कप्प्याविषयी आपली स्थिती काय आहे, हे दिल्लीतील छावला प्रकरणाने दाखवून दिले. फेब्रुवारी २०१२ मध्ये एका एकोणीस वर्षांच्या मुलीचे अपहरण, बलात्कार आणि खून झाला. तिघांना अटक झाली आणि कनिष्ठ व उच्च न्यायालयाने फाशी दिली. ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिघांनाही निर्दोष सोडले. इतर त्रुटींसोबत न्यायालयाने हेही नोंदवले की, १४ आणि १६ फेब्रुवारीला घेतलेले नमुने २७ फेब्रुवारीपर्यंत पोलीस मालखान्यात पडून होते, त्यामुळे त्यांत छेडछाड झाली नसेल असे म्हणता येत नाही, आणि डीएनए अहवालातील निष्कर्षांचा आधार काय होता, हे खालच्या न्यायालयांनी तपासलेच नव्हते. त्या प्रकरणात आरोपींचे नमुने घेण्याच्या कामी कायद्याची कोणतीही अडचण आलेली नव्हती.